दहा वर्षांच्या गोलरक्षकाला झेप घ्यायला कशी शिकवावी?

आपल्या दहा वर्षांच्या मुलाला फुटबॉलमध्ये गोलरक्षक व्हायचे आहे आणि त्याचा झेप घेण्याचा सराव कोठून सुरू करावा, असे आपण विचारले आहे. कोल्हापुरात लहान मुलांना शिकवताना माझे मत असे झाले आहे की, झेप सर्वांत शेवटी शिकवावी.

आधी पाय. बाजूला सरकताना पायांची कात्री होऊ न देता छोटी, जमिनीलगतची पावले टाकायची आणि समोरच्याचा पाय चेंडूला लागण्याच्या क्षणी, जेथे असू तेथे, गुडघे किंचित वाकवून आणि वजन चवड्यांवर ठेवून स्थिर व्हायचे, ही सवय अंगवळणी पडायला महिने लागतात. फटका बसतो तेव्हा मूल अजून सरकतच असते, म्हणून हाताजवळचा चेंडूही निसटतो. पालक मात्र उंचीला दोष देतात.

चेंडू चार नंबरचा, म्हणजे सुमारे ६३.५ ते ६६ सेंटिमीटर परिघाचा घ्यावा. पाच नंबरचा या वयाच्या पंजात मावत नाही. छातीच्या वर येणारा चेंडू पकडताना दोन्ही अंगठे चेंडूच्या मागे एकमेकांजवळ हवेत, नाहीतर तो मधूनच निसटून चेहऱ्यावर आदळतो. कमरेखालच्या चेंडूला करंगळ्या जवळ आणि तळवे वर करून तो लगेच छातीशी कवटाळायचा.

त्यानंतर पडणे. प्रथम बसून, मग गुडघ्यांवरून, मग उकिडवे बसून आणि शेवटी उभ्याने, असे टप्पे घ्यावेत. अंग मांडीच्या आणि खांद्याच्या बाजूवर टेकावे. कोपरावर किंवा पोटावर कधीही पडू देऊ नये. टणक मैदानावर हे करूच नये. आमच्याकडे अनेक फुटबॉल संघ तालमींच्या नावाने खेळतात, त्यामुळे वस्तादांची परवानगी काढून आखाड्याच्या मऊ तांबड्या मातीत मुलांना पडायला शिकवता येते. आपल्याकडे तशी सोय नसल्यास वाळू किंवा जाड गादी चालेल.

७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच अशा मोठ्यांच्या गोलमध्ये त्याला उभे करू नका. चार मीटर अंतरावर दोन खुणा पुरेत. शिवाय निम्मा वेळ त्याला मैदानात इतरांसारखे खेळू द्या, कारण सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला १९९२ पासून हातात घेता येत नाही, म्हणून त्याला पायांनीही चांगले खेळता आले पाहिजे.