जाहिरातीवर ‘सह’ लावून नाव टाकू का?

पत्र थोडक्यात: “मी १९ वर्षांची, जुन्नर तालुक्यातली. पणजोबांपासून आमचा ढोलकीफडाचा तमाशा आहे. आजीचं लावणीत मोठं नाव होतं, आता गुडघ्यांमुळे ती घरीच असते. फड आई चालवते, मामा वगात, म्हणजे तमाशातल्या नाटकात, सोंगाड्याचं विनोदी काम करतात. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आई म्हणते, दसऱ्यापासून फडात नाचायला उभी राहा, जाहिरातीवर ‘सह’ लावून तुझं नाव टाकते. मला नाचायला आवडतं, पण गाण्याचा रियाज कधी केला नाही. लोक आजीशी तुलना करतील. पगाराचं विचारलं तर मामा हसतात, ‘घरच्या फडात कसला पगार?’ नाही म्हटलं तर आई एकटी पडेल. काय करू?”

बाळ, उभी राहा. पण ‘सह’ या वर्षी नको.

तमाशाच्या धंद्यात त्या दोन अक्षरांचं वजन तुझ्या आईला ठाऊक आहे. ‘कांताबाई सातारकर सह रघुवीर खेडकर’ असं आई आणि मुलाचं नाव लागलं, तसं नाव लागलं की पुढच्या पिढीच्या नावावरही सुपाऱ्या घेतल्या जातात. गुढीपाडव्याला नारायणगावच्या राहुट्यांमध्ये, म्हणजे फडांच्या बुकिंगच्या तंबूंत, यात्रा कमिटीची माणसं येतात, ती अशा नावाला इसार देऊन जातात. एकदा नाव लागलं की तापानं फणफणलीस तरी उभं राहावं लागतं, कारण गाव म्हणतं, जाहिरातीवरची बाई कुठाय? नाव लागण्याआधी अंगात निदान एक हंगाम मुरायला हवा.

दसऱ्याला साडेतीन महिने आहेत. फड घरी आहे, ढोलकीवाला आणि पेटीमास्तर हाताशी आहेत, याचा उपयोग करून घे. पहिला महिना चाळ (घुंगरांची माळ) बांधूच नकोस. फक्त पावलं, आणि तीही सिमेंटच्या फरशीवर नाही, सारवलेल्या जमिनीवर किंवा फळ्यांवर. फरशीवर आपटून नडग्या धरतात, आणि नेमकं दसऱ्यालाच पाय टेकवत नाही. दुसऱ्या महिन्यात दोन्ही पायांत २५-२५ घुंगरं, तिसऱ्यात ५०-५०. भरलेला चाळ हंगामाच्या तोंडावर. घोट्याला आधी सुती पट्टी गुंडाळ, नाहीतर दोरी घामानं ओली होऊन कातडी सोलते. नऊवारी नेसूनच सराव कर. पंजाबी ड्रेसवर बसवलेली गिरकी कासोट्यात अडकते.

गळ्याचं जरा निगुतीनं घे. पिढीजात फडातल्या मुली हमखास एक चूक करतात, आजीची लावणी आजीच्याच पट्टीत, म्हणजे तिच्याच सुराच्या उंचीवर, म्हणायला जातात. माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा म्हणून त्या पिढीची पट्टी चढी असायची. तुला माइक आहे. पेटीमास्तरांकडून स्वतःची पट्टी काढून घे आणि ढोलकीवाल्याला आत्ताच सांग. ढोलकीची शाईची (काळ्या लेपाची) बाजू त्या सुराला लावावी लागते, ऐन खेळात प्रत्येक गाण्याला पट्टी बदलता येत नाही, त्यामुळे त्याला दुसरी ढोलकी तयार ठेवावी लागेल. सकाळी अर्धा तास खर्ज (खालचे सूर) लाव, चहाच्या आधी. आठ दिवसांत घसा बसायला लागला तर पट्टी अजून चढी आहे, अर्ध्या सुरानं उतरव.

ढोलकीवाला फडातला तुझा खरा गुरू. नवीन मुली पेटीचा सूर ऐकून पाय उचलतात आणि ढोलकीची तिहाई (तीनदा वाजणारा शेवटचा तुकडा) संपायच्या आत थांबतात. लोकांना कारण कळत नाही, पण रंगत गेल्याचं कळतं. रोज एक तास गाण्याशिवाय, नुसत्या ढोलकीवर नाच. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पाय पडला नाही की त्यानं वाजवणं थांबवायचं, एवढंच ठरव. घरची पोर म्हणून फडात तुला कोणी चूक सांगणार नाही. ही तुझी मोठी अडचण आहे, तुलनेपेक्षाही मोठी.

तुलनेवर उपाय साधा आहे. पहिल्या हंगामात गौळणीत (खेळाच्या सुरुवातीच्या कृष्ण-गवळणींच्या भागात) मागच्या रांगेत उभी राहा आणि वगात छोटं पात्र घे. रंगबाजीत (लावण्यांच्या भागात) एकच लावणी, तीही आजीनं कधी न म्हटलेली. आजीची गाजलेली लावणी दोन वर्षं तोंडात आणू नकोस, आईनं सांगितलं तरी. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांच्या पोटी जन्मलेल्या मंगला बनसोडेंनासुद्धा स्वतःचा फड उभा करावा लागला.

आता मामांच्या हसण्याकडे येऊ. फडातले बहुतेक कलावंत पावसाळ्यात उचल (आगाऊ रक्कम) घेतात आणि हंगामभर फेडतात. तू घरची म्हणून ना उचल, ना पगार. मग खर्चाला पैसे मागशील तेव्हा ते उपकार ठरतात. आईला सांग, मागच्या रांगेतल्या मुलीला जे मिळतं तेच मला द्या, वहीत लिहा आणि महिन्याच्या महिन्याला माझ्या खात्यावर टाका. आणि फडाच्या कर्जाच्या कागदावर हमीदार म्हणून सही करू नकोस. ट्रक, कनात, जनरेटर आणि कलावंतांची उचल, सगळं व्याजाच्या पैशावर उभं राहतं. तुझ्या सहीनं आईचं व्याज कमी होणार नाही. एक कर्जदार वाढेल, एवढंच. यावरून घरात रुसवेफुगवे होतील. होऊ देत.

विठाबाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपती पदक मिळालं, तरी शेवटचे दिवस हलाखीत गेले. म्हणून एक फाइल उघड: प्रत्येक जाहिरात, यात्रा कमिटीचं पत्र, तारीख घातलेला फोटो. आजीचीही कर. राज्य शासनाच्या ज्येष्ठ कलावंत मानधनासाठी पन्नाशी उलटली की अर्ज करता येतो, पण कला केल्याचा पुरावा लागतो, आणि तमासगिरांचे अर्ज पुष्कळदा तिथेच अडतात. आजीचा अर्ज झालाय का, आजच विचार.

पदवी सोडू नकोस. हंगाम दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतो, म्हणजे कॉलेजची हजेरी जमणार नाही. (यात्रेतली हजेरी, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचा खेळ, मात्र चुकवता येणार नाही. रात्रीचा खेळ आटपून सकाळी पुन्हा उभं राहायचं असतं, तेव्हा प्रवासात गाडीत झोपायची सवय लाव.) नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बाहेरून पदवी करता येते. झालेलं वर्ष धरतील का, हे प्रवेशाआधी अभ्यासकेंद्रावर लेखी विचारून घे. परीक्षेच्या तारखा हातात आल्या की आईच्या तारखांच्या वहीत लाल पेनानं लिहून टाक, म्हणजे त्या दिवसांत तुला धरून सुपारी घेतली जाणार नाही. शिवाय फडात हिशोब वाचता येणारं घरचं माणूस आईला तुझ्या नाचाइतकंच लागणार आहे. ती एकटी पडेल म्हणतेस ना, मग रोज खेळ संपल्यावर तिकिटांचा गल्ला तिच्यासोबत मोजायला बस.

आईशी बोलायचंय ते आषाढात बोल. श्रावण उलटला की जाहिरातीचा मजकूर छापखान्यात जातो.