हॉटेलात शिरण्यासाठी कोरोना चाचणीची सक्ती योग्य होती का? तुम्हाला तिचा राग आला होता का?

मला राग येऊन उपयोग नव्हता, कारण दारात अडवणारी मीच होते.

२०२१ मध्ये मी श्टुटगार्टला मास्टर्स करत होते आणि एका भारतीय रेस्टॉरंटात महिना ४५० युरोंची मिनीजॉब, म्हणजे छोटी अर्धवेळ नोकरी, होती. ऑगस्टच्या शेवटी जर्मनीभर 'थ्री-जी' आलं: लस घेतलेले, बरे झालेले किंवा चाचणी केलेले, एवढ्यांनाच आत प्रवेश. (जर्मनमध्ये तिन्ही शब्द 'ग'ने सुरू होतात.) अँटिजेन चाचणी २४ तास चालायची. लोक रिपोर्ट दाखवायचे, मी ओळखपत्राशी नाव ताडून बघायचे, संपलं. ११ ऑक्टोबरला सगळ्यांसाठीची फुकट चाचणी बंद झाली आणि कालपर्यंत हसत रिपोर्ट दाखवणाऱ्यांना अचानक हुकूमशाही दिसू लागली. तत्त्वाचा प्रश्न वगैरे काही नाही हो, पैसे पडायला लागले एवढंच.

खरी गोची नोव्हेंबरमध्ये झाली. १७ तारखेपासून आमच्या राज्यात 'टू-जी': आता चाचणी चालणार नाही, लस किंवा बरे झाल्याचा दाखलाच हवा. त्याच आठवड्यात आमचा दादा आला. कॉलेजचा सिनियर, सगळे त्याला दादाच म्हणायचो. मी पहिल्यांदा इथे उतरले तेव्हा विमानतळावर घ्यायला हाच आला होता. वडिलांच्या आजारपणासाठी तो उन्हाळ्यात पुण्याला गेला होता. कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर तेव्हा १२ ते १६ आठवडे झालं होतं. याला लवकर परतायचं, म्हणून कोव्हॅक्सिन घेतलं. आणि जर्मनीत कोविशील्ड चालत होती, कोव्हॅक्सिन नाही! नोव्हेंबरच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेनं मान्यता दिली होती, पण आमच्या दारात त्या मान्यतेला किंमत नव्हती.

त्याच्याकडे सकाळचाच निगेटिव्ह रिपोर्ट होता. आत आमचा अख्खा ग्रुप बसलेला, त्यातला एकजण नाक शिंकरत होता, पण त्याचं प्रमाणपत्र हिरवं. दादा म्हणाला, "अगं, मी निगेटिव्ह आहे, तो शिंकतोय." मी म्हटलं, "दादा, नियम आहे." पार्सलला दाखला लागत नसे, म्हणून पनीर आणि दोन नान डब्यात घालून दिले. त्यानं ते समोरच्या थांब्यावर थंडीत उभ्यानं खाल्ले. काचेतून दिसत होता.

तर माझं मत: चाचणीची सक्ती योग्य, नुसत्या कागदाची मूर्खपणाची. चाचणी आज काय आहे ते सांगते, प्रमाणपत्र चार महिन्यांपूर्वीचं. आपल्याकडेही १५ ऑगस्टपासून लोकलला दोन डोस लागायचे, तिथेही चाचणीला कोणी विचारत नव्हतं. आणि ४ डिसेंबरला आमच्या राज्यानं स्वतःच 'टू-जी प्लस' केलं, म्हणजे बूस्टर वगैरे नसेल तर लसवाल्यांनाही चाचणी. मी नोव्हेंबरमध्येच म्हणत होते.

हां, अँटिजेन चाचणीतून लागण झाल्याच्या पहिल्या एकदोन दिवसांतले बरेच रुग्ण निसटतात, हे खरं. लस न घेतलेल्यांना गंभीर आजाराचा धोका जास्त होता, हेही खरं. लोकांनी लस घ्यावी म्हणून मुद्दाम दार आवळलं जात होतं, ते मला कळतं. आणि दादा इथे पुन्हा लस घेऊ शकत होता; घेतलीही, जानेवारीत, चार वेळा टोचून झालं म्हणून कुरकुरत.

तुमच्या मित्राशी यावरून वाद चालू असेल तर दारातल्या माणसाला धरू नका एवढंच सांगा त्याला. दादा अजून ऐकवतो, "तू आत घेऊ शकली असतीस." नसते घेऊ शकले. तपासणी झाली असती तर दंड मालकाला आणि नोकरी माझी गेली असती. आणि त्या पनीरचे पैसे माझ्या टिपमधून गेले, हे तो कुणालाच सांगत नाही.