मागची स्प्रिंग कापू काय?

प्रश्न: जुनी स्विफ्ट आहे, मागनं उंच दिसते. घरीच ग्राइंडरनं स्प्रिंगचा एक वेढा कापला तर चालंल काय? – एक वाचक, खानापूर

उत्तर: नको हो दादा! वेढा कमी झाला की स्प्रिंग उलट कडक होते, आणि चोर्ला घाटात खड्ड्यातनं चाक खाली लोंबलं की ती जागेवरनं सुटू पण शकते, गॅसनं तापवून बसवायचं तर नावच काढू नका, पोलादाचं पाणी, म्हणजे त्याची ताकद, जातं. तयार आखूड स्प्रिंगच घ्या. गाडी उचलून स्टँडवर, मागच्या बीमखाली (दोन्ही मागच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली) जॅक, शॉकअपचे खालचे बोल्ट काढून जॅक हळू सोडा, स्प्रिंग हातात येते. बोल्ट मात्र गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पक्के आवळा, नाहीतर बुशचं (बोल्टच्या जोडातल्या नळीचं) रबर पिळलेलंच राहतं. आणि गाडी मागनं खाली बसली की हेडलाइट वर मारतील, तेवढे खाली करून घ्या.