स्कूटर हरवत नसते, चोरीला जाते

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पोलीस स्टेशनचे अनुभव लिहा म्हटलं होतं आणि तुम्ही लिहिलेत, भरपूर लिहिलेत, काहींनी तर दोन्ही बाजूंनी. त्यातली पाच पत्रं घेतेय. नावं छापत नाही, स्टेशनांची पण नाही, कारण लिहिणाऱ्यांना त्याच गावात राहायचंय.

प्रश्न: वकीलबाई नमस्कार. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं, सामान घ्यायला गेलो होतो. स्कूटर लावली, तासाभराने आलो तर जागा रिकामी. पोलीस स्टेशनवर गेलो तर तिथल्या माणसाने एक अर्ज पुढे केला, म्हणाला यावर सही करा, गहाळ म्हणून नोंद करतो, मिळाली की फोन करू. मी घाईत सही केली. आता इन्शुरन्सवाले म्हणतात एफआयआरशिवाय क्लेम नाही. परत स्टेशनवर गेलो तर म्हणतात तुम्हीच तर लिहून दिलंय गहाळ झाली म्हणून. महिना झाला, काय करू?

उत्तर: गहाळ व्हायला स्कूटर काय रुमाल आहे? पण हसू नका, हे रोजचं आहे. मोबाईल, स्कूटर, गळ्यातली साखळी, सगळं 'गहाळ' होतं. तुम्हाला वाटत असेल यात कोणाचातरी हात ओला झाला असणार, पण बहुतेक वेळा तसं काही नसतं. माझ्या मते कारण साधं आहे, चोरी लिहिली की गुन्हा लागतो, गुन्हा लागला की तपास आला, आणि तपास लागला नाही की वरचा साहेब विचारणार का लागला नाही. गहाळ लिहिलं की कोणी विचारत नाही. पोलिसाचं काम वाचलं, स्टेशनचा आकडा चांगला दिसला, नुकसान फक्त तुमचं.

आता कायदा. सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये ललिता कुमारी केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस कोर्टाला न विचारता तपास करू शकतात) माहिती आली की एफआयआर घ्यायलाच लागतो, घेऊ की नको हा ऑप्शनच पोलिसाकडे नाही. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आलाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यातलं कलम 173 बघा. कुठल्याही हद्दीतला गुन्हा कुठल्याही स्टेशनवर नोंदवता येतो, ऑनलाइन पण माहिती देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायला लागते. आणि एफआयआरची कॉपी तुम्हाला फुकट मिळायला पाहिजे. एक गोष्ट मात्र लोकांना माहीत नसते, पाच हजार रुपयांच्या आतली चोरी आता अदखलपात्र झालीय, म्हणजे जुना मोबाईल गेला आणि किंमत तुम्हीच तीन हजार लिहिलीत तर पोलिसाच्या हातात आयतं कारण दिलंत. स्कूटरला तो प्रश्न नाही.

तुम्ही आता एक करा. एका कागदावर नीट लिहा, की त्या दिवशी मी चोरीचीच तक्रार द्यायला गेलो होतो, गहाळ हा शब्द माझा नाही, स्कूटर अमुक ठिकाणी लॉक करून लावली होती, चावी माझ्याकडे आहे (चावीचं लिहाच, इन्शुरन्सवाले दोन्ही चाव्या मागतात). दोन कॉपी करा, एकीवर स्टेशनचा शिक्का आणि तारीख घ्या. घेत नाहीत म्हणाले तर भांडू नका, पोस्टात जा आणि एसपीला (पोलीस अधीक्षकाला) स्पीड पोस्टने पाठवा, ती पावती जपून ठेवा. कलम 173(4) हेच सांगतं. त्यानेही हललं नाही तर कलम 175(3) खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, सोबत अ‍ॅफिडेव्हिट लागतं. एसपीला लिहिल्याचा पुरावा नसेल तर कोर्टात तिथेच अडेल, म्हणून ती पोस्टाची पावती वकिलापेक्षा महत्त्वाची.

आणि एक सांगते, सही करायच्या आधी वाचा. काही वर्षांपूर्वी मी एका मासे विकणाऱ्या म्हातारीबरोबर स्टेशनवर बसले होते, बसमधून उतरताना कोणीतरी तिच्या गळ्यातली साखळी खेचलेली, मानेवर लाल वळ होता. ड्युटीवरचा बराच वेळ मान खाली घालून लिहीत होता, दोऱ्याने टेबलाला बांधलेलं ते निळं पेन, मग कागद फिरवून म्हणाला अंगठा लावा. म्हातारी मला हळूच विचारते, "बाय, किदें बरयलां ताणें?" मी वाचून दाखवलं, बसमधून उतरताना साखळी पडून गहाळ झाली. ती उभीच राहिली, "पडली न्हय गो, ओडली!" एवढ्या मोठ्याने की आतल्या केबिनमधून पीआय (पोलीस निरीक्षक) बाहेर आले. दुसरा कागद आला, त्यावर खेचली असं लिहिलं गेलं. तोंडी सांगितलेली माहिती लिहून घेतल्यावर ती सांगणाऱ्याला वाचून दाखवायची हे कायद्यातच लिहिलंय, पण वाचून दाखवा असं म्हणणारं कोणीतरी लागतं.

प्रश्न: मॅडम मी कॉलेजला आहे. हायवेवर ट्राफिकवाल्याने थांबवलं, हेल्मेट नव्हतं हे खरं, पण लायसन्स डिजिलॉकरमध्ये होतं तर म्हणाला मोबाईलवरचं चालत नाही, दोन्हीचे मिळून खूप होतील, पाचशे दे आणि जा. दिले. पावती नाही. आता काही करता येतं का?

उत्तर: डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरचं लायसन्स चालतं, 2018 मध्ये मोटार वाहन नियमांतच तसा बदल झालाय, त्यामुळे ते दुसरं कारण खोटं. हेल्मेटचं खरं. त्याचा दंड हजार रुपये आहे आणि तो तू पाचशेत सेटल केलास, हे आधी स्वतःशी कबूल कर. लाच देणं हा पण 2018 पासून गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यायला लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केलीस तर तू सुटतोस, गोव्यात अँटी करप्शन ब्रँच दक्षता खात्याच्या अखत्यारीत येते, तिकडे जायचं. सात दिवस उलटले असतील तर आधी एखाद्या वकिलाशी बोल आणि मगच लिही. पुढच्या वेळी एकच वाक्य, "साहेब, चलन करा." माझा भाचा म्हणतो चलन म्हटलं की ते जास्त चिडतात. चिडू देत.

प्रश्न: माझे बाबा 67 वर्षांचे, डिचोली तालुक्यात राहतो. शेजाऱ्याशी कुंपणाच्या भिंतीवरून वाद आहे. त्याने तक्रार केली म्हणून बाबांना पोलीस स्टेशनवरून फोन येतो उद्या दहाला या. जातात, संध्याकाळी पाचपर्यंत बाकावर बसवून ठेवतात, मग साहेब नाहीत उद्या या. असं तीनदा झालं. बाबांना शुगर आहे. लेखी काहीच देत नाहीत.

उत्तर: चौथ्यांदा पाठवू नका. साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तर त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 खाली लेखी आदेश लागतो, आणि साठीच्या वरच्या माणसाला, बायकांना, आजारी माणसाला स्टेशनवर यायची सक्तीच करता येत नाही, त्यांनी घरी येऊन विचारायचं. आरोपी म्हणून बोलवत असतील तर कलम 35(3) ची नोटीस, ती पण लेखी, आणि ती आली तर मात्र टाळायची नाही. बाबांना अटकेची भीती घातली असेल तर हेही सांगा, तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीच्या वरच्या माणसाला अटक करायची तर डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) किंवा वरच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. पुढचा फोन आला की शांतपणे म्हणा, साहेब नोटीस पाठवा, आम्ही घरी आहोत.

त्या तीन दिवसांचा पुरावा स्टेशनमध्येच आहे. डिसेंबर 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने परमवीर सिंग सैनी केसमध्ये प्रत्येक पोलीस स्टेशनात सीसीटीव्ही लावायला सांगितलेत, गेट, रिसेप्शन, लॉकअप, सगळीकडे, आवाजासकट, आणि रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवायचं, निदान एक वर्ष तरी. तारखा आणि वेळा घालून आरटीआय टाका आणि त्यात लिहा की हे फुटेज पुसू नये. फुटेज हातात मिळेलच असं नाही, कॅमेरा बंद होता असं उत्तर पण येतं, पण मग कॅमेरा बंद होता हे त्यांच्या सहीने तुमच्याकडे आलं. आणि भिंतीचा वाद दिवाणी आहे, तो पंचायतीत नाहीतर कोर्टात सुटणार, पोलिसाच्या बाकावर नाही. दोन्ही पार्टींना बसवून समजूत काढायची ही आपल्याकडची जुनी पद्धत, कधीकधी तिने खरंच भांडण मिटतं म्हणून लोकही तिकडेच जातात, पण मिटलं नाही की कायद्यात नसलेली शिक्षा सुरू होते, दिवसभर बसायची.

प्रश्न: तुम्ही दर वेळी अर्ज करा, पोचपावती घ्या सांगता. डिसेंबर 2024 मध्ये एका आरोपीला गोव्याच्या क्राइम ब्रँचच्या कोठडीतून पोलिसानेच बाईकवर बसवून पळवलं. अशा खात्यावर कसला विश्वास आणि कसल्या पोचपावत्या?

उत्तर: विश्वास ठेवा असं मी कुठे म्हटलं? विश्वास असता तर पोचपावती कशाला लागली असती. तो आयआरबीचा (राखीव बटालियनचा) कॉन्स्टेबल नोकरीतून गेला, पण लोकांच्या डोक्यातून ती बाईक जाणार नाही हे खरंय. त्याच्याही आधीचं सांगते, 2008 ची हणजूणची ब्रिटिश मुलीची केस, पंधरा वर्षांची पोर किनाऱ्यावर मृत सापडली, पोलिसांचं म्हणणं बुडाली. आई ऐकेना, दुसरं पोस्टमॉर्टेम झालं, अंगावर जखमा निघाल्या, केस सीबीआयकडे गेली. 2016 मध्ये दोघे आरोपी निर्दोष सुटले, सीबीआय अपिलात गेली, आणि 2019 मध्ये हायकोर्टाने एकाला दोषी धरून दहा वर्षं दिली. अकरा वर्षं लागली, आणि सगळी वाट सुरू झाली ती 'बुडाली' हा एक शब्द आईने मान्य केला नाही म्हणून. स्कूटरवाल्यांचं 'गहाळ' आणि हे 'बुडाली', तोलाने कुठे नि कुठे, पण खोड तीच.

2006 मध्ये प्रकाश सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांना सात आदेश दिले, त्यातला एक पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण. गोव्यात ते आहे, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. मारहाण, कोठडीतला छळ, खंडणी, अधिकाराचा गैरवापर असेल तर तिथे जा. मानवाधिकार आयोगाकडे पण जाता येतं, पण एका वर्षाच्या आत. लगेच कोणाची वर्दी उतरेल असं मी सांगणार नाही, सुनावण्यांच्या तारखा पडतात, माणूस कंटाळतो. मी अशा कामात कंटाळलेय, चारचौघांत बोलले पण आहे. तरी अर्ज लिहून देते, कारण तोंडी तक्रारीला तर तारीखही पडत नाही.

प्रश्न: ताई, माझे यजमान हेड कॉन्स्टेबल आहेत. तुम्ही नेहमी पोलिसांविरुद्ध लिहिता. जुन्या गोव्याच्या सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाला पंचेचाळीस दिवस, मग कार्निव्हल, शिगमो, घरी येतात तेव्हा मुलं झोपलेली. चवथीला आरतीला कधी नसतात. मुलगा शाळेत पप्पा पोलीस आहेत सांगायला लाजतो. एक विचारायचं होतं. यांना मध्ये एका अधिकाऱ्याने सांगितलं स्टेशन डायरीतली वेळ बदलून लिही, एका माणसाला आणल्याची. यांनी अजून लिहिलेलं नाही, झोप नाही यांना. काय करावं?

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधीच्या चार पत्रांनंतर ते छापतेय, मुद्दाम.

आधी तुमच्या रागाबद्दल. त्या प्रकाश सिंग निकालाचं नाव निघालं की लोकांना फक्त तक्रार प्राधिकरण आठवतं, पण त्याच सात आदेशांत असंही आहे की स्टेशनच्या इन्चार्जला निदान दोन वर्षं हलवायचं नाही, बदल्या मंडळाने करायच्या, कोणाच्या फोनवरून नाही. म्हणजे पोलिसाची पाठ राखणारा निकाल पण तोच आहे. तो नीट पाळला असता तर तुमच्या यजमानांना आज असं सांगायची त्या अधिकाऱ्याची हिंमत कमी झाली असती.

आता डायरी. लिहू देऊ नका. आणायची वेळ बदलली की चोवीस तास बदलतात, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं हे घटनेतच आहे, आणि त्या माणसाला मारलं असेल तर ते मारण्याचे तास कागदावरून नाहीसे होतात. कोणाला वाचवायला किंवा कोणाला नुकसान पोचवायला सरकारी नोकराने खोटं रेकॉर्ड केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 256 लागतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि अक्षर तुमच्या यजमानांचं असेल, अधिकाऱ्याचं नाही. सांगणारा सांगून मोकळा. त्यांनी अधिकाऱ्याला एवढंच म्हणावं, सर, आदेश लेखी द्या, मी तशी नोंद करतो. लेखी कोणी देत नाही. आणि खरी वेळ, कोणी आणलं, कोणत्या गाडीने, हे आजच एका वहीत तारीख घालून लिहून ठेवायला सांगा, वही घरी ठेवा. त्रास झालाच, ड्युटी लांब टाकली, मेमो दिला, तर मला लिहा, फी घेणार नाही.

मुलाला हे सगळं आत्ता सांगू नका, लहान आहे. पुढच्या चवथीला एक तरी दिवस रजा मिळते का बघा, अर्ज आधीच द्या, आणि त्याची पण पोचपावती घ्या.