स्विच बदलू नका, क्रेडिट मोजा

प्रश्न : आमच्या दोन डेटा सेंटरमध्ये ८ गिगाबिटची फायबर चॅनल (स्टोरेज जोडणारं नेटवर्क) लाइन आहे. पोर्ट हिरवा, सिग्नल उत्तम, तरी रेप्लिकेशन (डेटाची दुसरीकडे प्रत ठेवणं) रखडतं. नकाशावर अंतर ३५ किलोमीटर, तेच स्विचमध्ये भरलंय. नवा स्विच घ्यावा का?

उत्तर : पैसे ठेवा खिशात! नकाशावरचं अंतर म्हणजे कावळ्याचं, सरळ रेषेतलं. केबल रस्त्याने वळणं घेत जाते. लाइन देणाऱ्याकडून ओटीडीआर रिपोर्ट (फायबरची खरी लांबी मोजणाऱ्या यंत्राचा) मागवा. मीही एकदा असाच फसलो, रात्री दोनपर्यंत एसएफपी (पोर्टमध्ये बसणारे फायबरचे मॉड्यूल) बदलत बसलो होतो. फायबर निघालं ५० किलोमीटर.

फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ५० किलोमीटर जाऊन-येऊन ५००. तेवढ्यात ८ गिगाबिटवर दोन केबीच्या सुमारे २०० फ्रेम (डेटाचे तुकडे) निघतात. एका बफर क्रेडिटवर एकच फ्रेम जाते आणि पलीकडून पोच आल्यावरच ते क्रेडिट परत मिळतं, म्हणून २०० बफर क्रेडिट हवेत. फ्रेम सरासरी एक केबीची असेल तर दुप्पट. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

ब्रोकेड कंपनीचा स्विच असेल तर पोर्ट एलएस मोडमध्ये (लांब अंतरासाठीचा मोड) टाकून खरं अंतर भरा, दोन्ही टोकांना सारखंच. मग पोर्टस्टॅट्सशो कमांडमध्ये शून्य क्रेडिटचा काउंटर पाहा. तो वाढतच राहिला, तर क्रेडिट अजून कमीच आहेत. आणि हो, बदलताना लाइन क्षणभर पडते, तेव्हा दुपारी बाराला हा उद्योग नको.