हाउसिंग सोसायटीच्या कमिटीत नवीन आलात? आधी दप्तर बघा

लॉबीच्या रंगकामात पडण्याआधी सेक्रेटरींकडून मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागून घ्या. दरवर्षी तेच ते दोष दिसत असतील, तर दोष दुरुस्ती अहवाल, म्हणजे ऑडिटमधले दोष कसे दूर केले ते सांगणारा अहवाल, कुणी मनावर घेतलेलाच नाही. मग थकबाकीची यादी. तिच्यात कधीकधी कमिटीवाल्यांचीच नावं निघतात. लगेच बोलू नका, नोंद ठेवा.

सिंकिंग फंडात, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीत, बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी जमायला हवी, आणि ती एफडीत दिसायला हवी. लिफ्टच्या बिलात जिरली असेल, तर सोसायटी आजारी आहे. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी.

आणि कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं? झालं नसेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरशिवाय ती नावावर करून घेण्याचा, अर्ज करा. बिल्डरच्या आश्वासनांवर थांबू नका.