बस थांब्यामुळे ट्रॅफिक तुंबतं, की ड्रायव्हरच गाडी रस्त्यात उभी करतात?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि गप्प बसवेना. मी 27 वर्षं एसटी चालवली, बहुतेक दापोली-खेड-चिपळूण याच पट्ट्यात.

आमच्या नाक्यावर थांबा नाक्याच्या अलीकडे होता. गाडी थांबली की डावीकडे बंदराला वळणारे सगळे मागे अडकत. घाईतले उजवीकडून पुढे येऊन गाडीच्या तोंडासमोरून डावीकडे घुसत. मग कुणी तरी रस्त्यालगत बस-बे (गाडी थांबायला कडेला आत घेतलेली जागा) काढला, जेमतेम गाडीएवढा. अकरा-बारा मीटरची गाडी आत तिरकी शिरते. तिला बेच्या दोन्ही टोकांना निमुळती जागा सोडावी लागते, नाहीतर तोंड आत आणि शेपूट रस्त्यावर. त्यात रिक्षा उभ्या. डबल बेल झाली तरी आरशात बघत बसायचं, कोणी वाट देत नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये थांब्यावरून निघणाऱ्या बसला आधी जाऊ द्या, असं चक्क लिहिलेलं आहे.

जुलैतली सकाळ. बेमध्ये ढोपरभर पाणी, कारण उतार गटाराकडे काढलेलाच नव्हता. माणसं शेड सोडून पुढे डांबराच्या कडेला उभी, त्यांत मासळीची पाटी घेतलेली एक म्हातारी. गाडी आत घेतली असती तर पायरी पाण्यावर आली असती. मी रस्त्यातच थांबवली. कंडक्टरने खाली उतरून पाटी वर घेतली, मग आजींना हात दिला. मागे हॉर्नवर हॉर्न.

संध्याकाळी मेव्हणा घरी आला. नाक्यावर त्याचं दुकान आहे. "भावोजी, ट्रॅफिक तुम्ही लोकच तुंबवता." जेवणाच्या पानावर आमचं वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

थांबा नाका ओलांडल्यावर हवा. मागचा वळणारा मोकळा सुटतो, आणि उतरलेली माणसं गाडीच्या मागून रस्ता ओलांडतात, तोंडासमोरून नाही. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. पण पलीकडची जागा नेमकी त्याच्या दुकानासमोर येते, म्हणून अर्ज करून विरोध करणाऱ्यांत तोच पुढे.

एक मात्र खरं, पलीकडे निदान दोन गाड्यांची जागा पाहिजे. गणपतीत जादा गाड्या एकामागून एक लागतात, तेव्हा त्यातही तिसरीचं शेपूट नाक्यातच राहणार. आणि काही ड्रायव्हर बे रिकामा असूनही बाहेर थांबतात, तेही मी पाहिलंय. आमच्या नाक्यावर मात्र बे रिकामा कधी नसतोच. तिथल्या निम्म्या रिक्षा मेव्हण्याच्या गिऱ्हाइकांसाठी उभ्या असतात.